दाढदुखीवर ब्राझील

२ मे २००४, कळंगुट
आज जे घडलं ते नीट लिहून ठेवायला हवं. पुढे लोक विचारतील, कल्पना सुचली कधी?

दीपश्री (माझी बायको) पाण्यात पाय सोडून बसली होती. मी शॅकमध्ये. वाळूत फुटकी बाटली होती, काच तळव्यात चांगली खोल गेली. वेटरने भुवया कोरायच्या चिमट्याने उपसून काढली. रक्त बरंच. पण मला काही म्हणता काही कळलं नाही! मी स्वतः दातांचा डॉक्टर. वेदना म्हणजे काय हे माझ्याइतकं कोण जवळून बघतो? त्या वेळी स्पीकरवर एक बाई गात होती. गात म्हणजे, कानाशी येऊन पुटपुटल्यासारखं. मागे गिटार, कॉम्प्युटरचा मंद ठेका, मधूनच लाटा. वेटर म्हणाला, ब्राझिलियन चिलआउट, सर. कंपायलेशन आहे.

दीपश्रीचं म्हणणं, मला कळलं नाही कारण माझी बीअर चालू होती, आणि ती पहिली नव्हती. बीअरचा काही संबंध नाही. दीपश्रीही बीडीएस आहे, कॉलेजात नंबर माझ्या वर असायचा. पण मार्क वेगळे आणि संशोधक दृष्टी वेगळी.

रस्त्यावरच्या दुकानातून होत्या तेवढ्या सीडी उचलल्या. कव्हरवर शहाळं, सूर्यास्त आणि पाठमोरी मुलगी. दीपश्रीने त्या पिशवीच्या तळाशी घातल्या, कव्हर खाली करून.

संकल्प: हुबळीला परतल्यावर दवाखान्यात भुलेचं इंजेक्शन बंद. फक्त संगीत.

७ मे, नवनगर
दोन स्पीकर कमरीपेठेतल्या रिपेअरवाल्याकडून बसवून घेतले. एक खुर्चीच्या डावीकडे, एक उजवीकडे. पेशंटच्या कानाच्या अगदी लेव्हलला. जयलक्ष्मी (रिसेप्शनिस्ट, असिस्टंट, झाडलोट, सगळं तीच) म्हणाली, "सर, लग्नाचा हॉल करायलात काय?" तिला शांतपणे समजावलं. संगीतामुळे मेंदूचं लक्ष दुसरीकडे जातं. मग दाताकडे बघायला तिथे कोणी उरतच नाही. ती म्हणाली, "आणि दात?"

घरी दीपश्रीला विचारलं, तुला काय वाटतं. ती कुकरचं झाकण लावत होती. म्हणाली, "इंजेक्शन द्या आणि गाणीपण लावा की. दोन्ही करायला कोण नको म्हणतंय?" यालाच म्हणतात अर्धवट श्रद्धा. दोन्ही केलं तर बरं कशाने वाटलं हे कळणार कसं?

११ मे
पहिली केस. नागोजी, अळणावरकडच्या खेड्यातला, शेतमजूर. सोबत बायको राधा. सकाळच्या बसने आलेले. गाल पपईसारखा सुजलेला. सीडी लावली, आवाज मध्यम. गिटार सुरू झाली. मी पक्कड हातात घेतली.

नागोजी म्हणाला, "डाक्टर, सुई घाला की ओ. सोसंना झालंय."

म्हटलं, आता सुई नाही. नुसतं ऐकायचं.

त्याने थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाला, "ही बाई का रडायलीया?"

म्हटलं, रडत नाहीये. त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, सौदाद्जी. म्हणजे आपलं गाव लांब राहिलं की जिवाला लागते ती हुरहुर. हे मी सीडीच्या आतल्या कागदावर वाचलंय.

"मग मलाबी तेच व्हायलंय. गावाला जाऊ दे मला."

जयलक्ष्मीने खांदे धरले, राधाने पाय. दाढ निघाली. तो ओरडला हे खरं आहे, पण गाणं संपल्यावर. म्हणजे गाणं चालू असतानाचं ओरडणं मोजलं नाही तर. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. राधाने मात्र पाहिलं. गावाकडच्या लोकांना आभार मानायची पद्धत माहीत नसते.

अनुमान: गिटारपेक्षा ठेका जास्त हवा.

२० मे
नवीन प्रयोग. ड्रिल ठेक्यावर चालवायचं. मशीनचा घर्रर्र आवाज गाण्यात मिसळून गेला तर पेशंटला तो गाण्याचाच भाग वाटेल. विद्यानगरच्या कॉलेजातला इंजिनिअरिंगचा मुलगा अनिश याच्यावर करून पाहिलं. सुरुवात फार सुंदर झाली. मीही पायाने ताल धरला. अडचण एवढीच की ब्राझिलियन ठेका सरळ चालत नाही, अपेक्षा नसताना मधेच उडी मारतो. ड्रिलनेही मारली.

अनिशची जीभ थोडी कापली. जिभेच्या जखमा लवकर भरतात.

तो काहीतरी बोलत होता, पण तोंडात कापूस असल्यामुळे नीट अभिप्राय मिळाला नाही.

३ जून
दुकानातली कंपायलेशन्स दातांसाठी केलेली नाहीत, हा मूळ दोष. एक गाणं संथ, पुढचं एकदम नाचायचं. रूट कॅनालच्या ऐन मध्यावर कार्निव्हल सुरू झाला तर पेशंट काय करणार? म्हणून स्वतःच कॉम्प्युटरवर सीडी तयार केली. नाव 'पेनलेस, व्हॉल्यूम वन'. सिमेंट भरण्यासाठी वेगळी गाणी, दाढ काढण्यासाठी वेगळी, स्वच्छतेसाठी फक्त लाटा. कव्हर स्वतः केलं. सूर्यास्ताच्या जागी एक्स-रे.

लाटांचा भाग ऐकून पेशंट लघवीला जाऊ का म्हणून विचारतात. म्हणजे शरीर सैल पडतंय. चांगलं लक्षण.

दीपश्रीला सीडी भेट दिली. तिने कव्हर दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "नागोजीची जखम बघायला बोलावलंत का?" नाही बोलावलं. येईल की दुखलं तर.

१६ जून
पेशंट जरा कमी झालेत. शाळा सुरू झाल्या, पाऊस, लग्नसराई संपली, कारणं अनेक. समोरच्या इमारतीतल्या डॉ. मठपतींकडे मात्र जिन्यापर्यंत लोक बसलेले दिसतात. त्यांच्याकडे नुसता पंखा आहे. त्याचाही आवाज येतो.

लोकांनी मला नाव दिलंय, असं जयलक्ष्मीकडून कळलं. 'हाडिन डॉक्टर'. कन्नडमध्ये हाडु म्हणजे गाणं, तेव्हा गाण्याचा डॉक्टर. आपले मराठी लोक ऐकून हाडांचा डॉक्टर समजतात आणि गुडघे घेऊन येतात. पण नाव पडलं हे महत्त्वाचं. मठपतींना कोणी नाव दिलेलं नाही.

दीपश्री आज आपणहून म्हणाली, "मी येऊ का दवाखान्यात? बाहेरच्या खोलीत बसून पेशंटची माहिती लिहून घेईन. तुम्हाला सीडी निवडायला वेळ मिळेल." शेवटी पटलं तर! लग्नानंतर मीच तिला सांगितलं होतं की एका घरात दोन दवाखाने नकोत.  पण माणसाने लवचीक असावं. ये म्हटलं.

१२ जुलै
विजय! दुसरा शब्द नाही.

आठवडाभर एकही किंकाळी नाही. आज कुसुमबाईंची अक्कलदाढ काढली. धारवाडच्या शाळेत शिकवतात, आवाज असा की मागच्या बाकापर्यंत जावा. हूं की चूं नाही. डोळे मिटून पडल्या होत्या. दाढ ट्रेमध्ये टाकली तेव्हा विचारतात, "झालं?"

पेशंट आत येतात तेव्हाच निम्मं काम झालेलं असतं. बाहेरच्या खोलीत गाणी ऐकू जातात, तेवढ्यानेच परिणाम सुरू होतो. खालचा ओठ एका बाजूला लोंबायला लागतो, बोलणं जड होतं. शंकरच्या तोंडातून तर चहा गळत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. (शंकर म्हणजे जयलक्ष्मीचा शेजारी.) एवढं स्नायू सैल करणारं संगीत जगात दुसरं नसेल. विशेष म्हणजे ज्या बाजूची दाढ दुखते, ओठ त्याच बाजूचा लोंबतो. संगीत नेमकी जागा शोधतं!

२ ऑगस्ट
गर्दी परत आली. 'व्हॉल्यूम टू'चं काम चालू. शोधनिबंध लिहायला घेतला, इंग्रजीत. दीपश्री दमलेली दिसते. पेशंटची माहिती लिहून घेण्यात एवढं काय दमायचं? बाहेरच्या खोलीचं दार ती लावून घेते. पेशंटना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून, म्हणाली. मला तिचं कौतुक वाटतं. प्रत्येक मोठ्या माणसामागे असं कोणीतरी लागतं.

जयलक्ष्मी कचऱ्याची पिशवी आता स्वतः बाहेर नेऊन टाकते, मला हात लावू देत नाही. शिस्त आली.

५ सप्टेंबर
हुबळी-धारवाडच्या दंतवैद्यांच्या सभेत माझं प्रात्यक्षिक ठरलं! २६ तारीख, रविवार, हॉटेलचा हॉल. सगळ्यांसमोर एक दाढ, विना इंजेक्शन. शंकर तयार आहे. त्याची आणखी एक किडलीय आणि मागचा अनुभव त्याला उत्तम.

प्रमुख पाहुणे म्हणून सासरे, मुकुंदराव वकील. धारवाडच्या कोर्टात त्यांचा शब्द चालतो. फोनवर म्हणाले, "जावईबापू, बार रूममध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलंय." दीपश्रीने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही येऊ नका." मुलीला वडिलांच्या प्रकृतीची काळजी. साहजिक आहे.

२० सप्टेंबर
फार वाईट दिवस. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी वाईट वाटतं.

जेवताना दीपश्री म्हणाली, "प्रात्यक्षिक रद्द करा." कारण विचारलं. तिने ताट बाजूला सरकवलं.

"जुलैपासून प्रत्येकाला मी सुई दिलीय. बाहेरच्या खोलीत. तुम्ही सीडी निवडत असता तेव्हा."

मी हसलो. म्हटलं, मला कळलं नसतं?

"ओठ लोंबतात ते कशाने, असं वाटलं तुम्हाला? आपण एकाच वर्गात शिकलो हो."

म्हटलं, मग इतके दिवस गप्प का बसलीस?

"सांगितलं असतं तर तुम्ही मला येऊ दिलं नसतं. आणि ती माणसं परत ओरडली असती. नागोजीची बायको मला बस स्टँडवर भेटली होती. काय म्हणाली सांगू?"

नको म्हटलं.

हे असं होणारच होतं. ज्यांनी घरी बसून वर्षं घालवली त्यांना दुसऱ्याच्या यशात आपला वाटा दिसायला लागतो. मी रागावलो नाही. फक्त उद्यापासून दवाखान्यात यायचं नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि माझंही ताट उचललं. मी अजून जेवत होतो.

२३ सप्टेंबर
दीपश्री नसल्यामुळे कामाची घडी जरा विस्कटली. कुसुमबाई दुसऱ्या दाढेसाठी आल्या. आधी बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. बराच वेळ तोंड उघडं ठेवून. जयलक्ष्मीने त्यांच्या कानात काही सांगितलं. तरी मी प्रेमाने आत आणून बसवलं, 'व्हॉल्यूम टू' लावली. पक्कड लावताच त्यांनी असा आवाज काढला की समोरचे डॉ. मठपती गॅलरीत आले. गळ्यातला प्लास्टिकचा एप्रन तसाच ठेवून बाई जिना उतरून गेल्या. तशाच रस्ता ओलांडून मठपतींकडे.

'व्हॉल्यूम टू'मधलं तिसरं गाणं बदलायला हवं. त्यात एक वाद्य आहे ते माकडाच्या पिल्लासारखं कण्हतं. दोष तिथेच आहे.

शंकर संध्याकाळी येऊन विचारून गेला, रविवारी डॉक्टरीणबाई असणार ना? नाही म्हटल्यावर "बरं बरं" म्हणाला. थोडा नर्व्हस दिसला. पहिल्यांदाच स्टेजवर येतोय.

२६ सप्टेंबर
(डाव्या हाताने लिहितोय.)

क्रमाने लिहितो. हॉल भरला होता. खुर्ची, दिवा, स्पीकर, सगळं जागच्या जागी. मुकुंदराव नव्या कोटात. त्यांनी भाषण केलं. जावयाच्या रूपाने या गावातून जगाला काहीतरी मिळतंय, पुरावा आज तुमच्यासमोर येईल, वगैरे. फार टाळ्या. दीपश्री शेवटच्या रांगेत बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

शंकर आला नाही. जयलक्ष्मी त्याच्या घरी जाऊन आली, कुलूप होतं.

सगळे वाट बघत होते. आणि मला सुचलं. मुकुंदरावांची खालची दाढ कधीपासून किडलेली आहे, काढून घ्या म्हणून दीपश्रीच त्यांच्या मागे लागलेली असते. मी माइकवर जाहीर केलं, पुरावा स्वतः वकीलसाहेबच देतील!

त्यांचा चेहरा जरा बदलला. पण आत्ताच भाषण केलेलं. पहिल्या रांगेत बार रूममधले स्नेही. ते उठले, कोटाची बटणं सोडली, खुर्चीत बसले. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

दीपश्री मागून उभी राहिली. "अप्पा, सुई घेतल्याशिवाय तोंड उघडू नका."

मुकुंदरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग हॉलकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं.

संगीत सुरू. बाई पुटपुटू लागली. मी डाव्या हाताने आवाज वाढवला, उजव्या हाताची तर्जनी आत घालून दाढ चाचपली आणि पक्कड लावली. पहिल्या हिसक्यालाच मुकुंदरावांनी तोंड मिटलं. माझ्या बोटासकट.

आवाज कोणाचा जास्त झाला याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मला आठवतंय ते एवढंच की मी जयलक्ष्मीला सांगत होतो, इंजेक्शन आण, इंजेक्शन. ती म्हणाली, कोणाला?

मठपती आणि आणखी दोघांनी जबडा सोडवला. मला नॅपकिनात बोट गुंडाळून खाली बसवलं. मग दीपश्री पुढे आली. पर्समधून तिने भुलेची सिरिंज काढली. तयार! नवऱ्यावर एवढा अविश्वास. वडिलांच्या कपाळावर हात ठेवला, हळू काहीतरी म्हणाली, सुई दिली, थांबली. मग माझ्याच पक्कडीने दाढ काढली. म्हाताऱ्याने पापणीही हलवली नाही. हे सगळं होताना माझी सीडी चालूच होती, हे नोंदवण्यासारखं आहे. कोणीही बंद केली नव्हती.

हॉल उभा राहिला. कितीतरी वेळ टाळ्या. मी डावा हात वर करून स्वीकारल्या.

निष्कर्ष: हॉटेलच्या स्पीकरला ट्रेबल जास्त होता.

२९ सप्टेंबर
बोटाला टाके. मुकुंदराव फोनवर येत नाहीत. तोंडाला विश्रांती देत असतील. शोधनिबंधाला एक तळटीप घालावी लागेल, की नातेवाईक पेशंट म्हणून घेऊ नयेत.

दीपश्री जेवण वाढत होती. मीच विषय काढला, की टाळ्यांच्या वेळी तू जरा माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतंस. ती म्हणाली, "तुमचं बोट अप्पांकडे होतं." आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. की रडली. दार लावलेलं होतं.

१८ ऑक्टोबर
टाके निघाले. तर्जनीच्या टोकाला संवेदना नाही. सर्जनने टाचणी टोचून पाहिली, काहीच कळलं नाही. संगीत चालू नसतानाही! नस तुटलीय, परत येणार नाही, म्हणाला. ड्रिल धरता येत नाही. चहाचा कप धरता येतो, पण तो गरम आहे हे त्या बोटाला समजत नाही.

तोपर्यंत दवाखाना दीपश्री बघतेय. तात्पुरतं. स्पीकर काढलेत, धूळ बसते म्हणून. आज पेंटर येऊन पाटी रंगवून गेला. तिचं नाव मोठं, छान दिसतं. माझं बसवायला जागा पुरली नाही. मी म्हटलं, राहू दे, पुढे मोठी पाटी करू. तिने पेंटरला सांगितलं, वाळू द्या.

रात्रीच्या जेवणाला हल्ली ती काय झालं, कोण आलं, काही सांगत नाही. मी विचारलं की म्हणते, दमलेय. चेहरा मात्र दमलेला दिसत नाही. लग्नाआधी कॉलेजात दिसायचा तसा दिसतो.

१६ नोव्हेंबर
सकाळी दवाखान्यात गेलो. काही काम नव्हतं, सहज. जयलक्ष्मी म्हणाली, "सर, स्कूटर पलीकडच्या गल्लीत लावता काय? दारात दिसली की मंदी परत जाते." मंदी म्हणजे माणसं, कन्नडमध्ये. पार्किंगचा प्रश्न नवनगरात खरंच बिकट झालाय. लावून आलो.

मागच्या खोलीत बसलो, कापसाच्या पुड्यांजवळ. दार लोटून घ्यायला सांगितलं दीपश्रीने, हवेने उघडतं म्हणून. आतून सगळं ऐकू येतं. समाधानाची गोष्ट अशी की लोक मला विसरलेले नाहीत. जिना चढून येणारा प्रत्येक माणूस सगळ्यात आधी माझीच चौकशी करतो. उंबऱ्याबाहेरूनच विचारतो, "सर आहेत काय?"

जयलक्ष्मी सांगते, नाहीत.

मग तो चपला काढतो आणि आत येतो.